यू-कंट्रोल : ओढ-चाचणी पास, तरी हवेत एलिव्हेटर अर्धाच मिळतो

गिरकी
माझ्या यू-कंट्रोल मॉडेलची (हँडलला बांधलेल्या दोन दोऱ्यांवर गोल उडणाऱ्या विमानाची) मापं आधी देतो. प्रोफाइल फ्यूजलाज (फळीसारखं चपटं धड), फ्लॅपवालं (पंखाच्या मागच्या कडेला हलत्या पट्ट्या असलेलं) स्टंट मॉडेल, तयार वजन १२०० ग्रॅम, ६.५ सीसी ग्लो इंजिन. हँडल ते मॉडेलचा मध्य १८.३ मीटर, एका फेरीला ५.२ सेकंद. बेलक्रँक (दोऱ्यांची ओढ पुशरॉडकडे नेणारा, पिव्हटवर फिरणारा तुकडा) नायलॉनचा, दोरीच्या दोन भोकांमध्ये ७६ मिमी, पुशरॉडचं (फ्लॅप-एलिव्हेटर हलवणाऱ्या दांडीचं) भोक पिव्हटपासून १९ मिमीवर.

तक्रार अशी: आउटसाइड लूप (नाक खाली वळवून) छान घट्ट बसतो, इनसाइड लूप (नाक वर ओढून) मात्र मोठा आणि ढिला. हँडल पूर्ण मागे झुकवलं तरी नाक पाहिजे तेवढं वळत नाही. जमिनीवर एलिव्हेटर (शेपटीची वर-खाली हलणारी पट्टी) दोन्ही बाजूंना बरोबर ३० अंश जातो, कुठे अडकत नाही. हँडलचं न्यूट्रल सरकवून पाहिलं, सीजी (गुरुत्वमध्य) मागे घेऊन पाहिला, फरक नाही. दोऱ्यांना काटा लावून १२ किलोची ओढ दिली, काही तुटलं-सरकलं नाही. म्हणजे हार्डवेअर मजबूत आहे असं धरायचं ना? मग चूक कुठे?

हायलम
असं धरू नका. वजनाच्या दहापट ओढ ही स्टंट मॉडेलची नेहमीची चाचणी आहे आणि ती करायलाच हवी, पण ती काय तपासते ते बघा. दोऱ्या, लीडआउट (बेलक्रँकपासून पंखाबाहेर येऊन दोऱ्यांना जोडणाऱ्या तारा), बेलक्रँक, त्याचा पिव्हट, पिव्हटखालचा प्लाय. बस. दोन्ही दोऱ्यांवर सारखी ओढ असते, बेलक्रँक फिरत नाही, त्यामुळे पुशरॉडवर शून्य भार. हॉर्नवर (रॉड अडकवायच्या उभ्या पट्टीवर) शून्य. एलिव्हेटरच्या बिजागऱ्यांवर शून्य. बेलक्रँकच्या मागचं सगळं त्या चाचणीत सुट्टीवर असतं.

जमिनीवर ३० अंश मिळतात तेही हवेचा भार नसताना. एका बाजूलाच ढिलं पडतंय यावरून माझा संशय पुशरॉडवर आहे. दोन गोष्टी सांगा: फ्लॅपपासून एलिव्हेटरपर्यंतचा रॉड कशाचा, किती लांब? आणि तो फ्लॅप हॉर्नला बिजागरीच्या वर जोडलाय की खाली?

गिरकी
फ्लॅप हॉर्नला वर, तिथून तिरका जाऊन एलिव्हेटर हॉर्नला खाली. सायकलचा स्पोक, २ मिमी. टोक ते टोक ४३० मिमी. मध्ये गाइड नाही. एलिव्हेटर हॉर्नचं भोक बिजागरीपासून १८ मिमीवर. एलिव्हेटर एकूण ५०० मिमी रुंद आणि ५० मिमी खोल.

हायलम
मग गुन्हेगार सापडला.

तुमच्या जोडणीत एलिव्हेटर वर उचलताना रॉड मागे ढकलला जातो. वर आलेल्या एलिव्हेटरला हवा खाली दाबते, हॉर्नचं खालचं टोक पुढे येऊ बघतं आणि रॉड दोन्हीकडून चेपला जातो. एलिव्हेटर खाली जाताना उलट, रॉड ताणला जातो. ताणलेली तार सरळच राहते. चेपलेली बारीक तार धनुष्य होते. म्हणून आउटसाइड घट्ट, इनसाइड ढिला.

आता हिशेब. ५.२ सेकंदांची फेरी म्हणजे वेग सुमारे २२ मीटर प्रति सेकंद. पूर्ण उचललेल्या तुमच्या एलिव्हेटरवर साधारण ७०० ग्रॅमचा भार येतो, बिजागरीपासून २० मिमीवर धरा. तो १८ मिमीच्या हॉर्नवरून रॉडमध्ये सुमारे ८०० ग्रॅम होतो. आणि २ मिमीची पोलादी तार ४३० मिमी मोकळी असेल तर ती बाजूला झुकून हात टेकते ८६० ग्रॅमला. हे सुद्धा रॉड तंतोतंत सरळ असेल तर. टोकाला झेड वळण असेल, फ्यूजलाज चुकवायला मध्ये एक कोपरा काढला असेल, तर निम्म्या भारालाच पोट सुटायला लागतं.

तारेवरची_कसरत
स्पोक मऊ असतो हो. पियानो वायर घाला २ मिमीची, विषय संपला.

हायलम
नाही संपणार. मजबुती आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हार्डवेअरच्या चर्चेत नेहमी इथेच घोटाळा होतो. पियानो वायर स्पोकपेक्षा कितीतरी जास्त ताणाला तुटते, वाकवून सोडली तर परत सरळ होते. पण किती भाराला धनुष्य व्हायचं, ते पोलादाच्या लवचीकपणाच्या गुणांकावर ठरतं आणि तो मऊ-कडक सगळ्या पोलादाचा जवळजवळ सारखाच. तेव्हा २ मिमी पियानो वायरसुद्धा त्याच ८६० ग्रॅमला झुकेल. फरक एवढाच की उतरल्यावर ती सरळ दिसेल आणि तुम्हाला पुरावाही सापडणार नाही. स्पोक निदान वाकलेला राहून चुगली करतो!

उपयोग होतो तो दोन गोष्टींचा. जाडी दुप्पट केली की १६ पट. मोकळी लांबी निम्मी केली की ४ पट.

वाइस_पकड
आकडे पटले, पण बदलाबदली करण्याआधी मोजा. भाराखाली एलिव्हेटर किती बसतो ते घरात बसून कळतं.

मॉडेल टेबलावर सुलटं ठेवा, फ्यूजलाज दोन ठिकाणी वाळूच्या पिशव्यांत दाबून बसवा. दोन्ही लीडआउटना सुतळी लावून ती खिळ्याला अशी बांधा की एलिव्हेटर पूर्ण वर राहील आणि लीडआउटवर थोडा ताण राहील. लीडआउट पकडीत चिमटू नका, तार दबते. मग अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी भरून बाटलीसकट ३५० ग्रॅम करा आणि एलिव्हेटरच्या मधोमध, बिजागरीपासून ४० मिमीवर लटकवा. तुमच्या मापांना हा उड्डाणातल्या भाराच्या जवळपास येतो. मागच्या कडेची टेबलापासूनची उंची बाटलीआधी आणि नंतर पट्टीने मोजा. तेच मॉडेल उलटं करून, एलिव्हेटर पूर्ण खाली देऊन परत मोजा.

खरी गंमत पुढे आहे. बाटली लटकत असताना एकेक जागा बोटांनी धरून बघायची. रॉडच्या मध्यावर चिमटीत धरून सरळ केला आणि कड वर आली, तर तेवढे मिलिमीटर रॉडचे. फ्लॅप हाताने घट्ट धरल्यावर कड वर आली, तर दोष त्याच्या पुढे: बेलक्रँक-फ्लॅप रॉड किंवा बेलक्रँक स्वतः. एलिव्हेटरचा एक अर्धा धरला आणि दुसरा तरीही बसतोय, तर दोन अर्ध्यांना जोडणारी तार पिळवटतेय किंवा तिचा पाय बालशात हलतोय.

५० मिमी खोलीच्या एलिव्हेटरला सगळं मिळून ३ मिमीपर्यंत बसणं मी चालवून घेईन. ५ च्या वर गेलं तर दुरुस्ती.

गिरकी
मोजलं. वर दिलेला असताना ११ मिमी बसला. उलटं करून खाली दिलेला असताना ४ मिमी. रॉडचं पोट उघड्या डोळ्यांना दिसतंय, फ्यूजलाजपासून बाहेर बोटभर येतोय. मध्यावर चिमटीत धरला की वरचा आकडा ११ वरून ४ वर येतो. म्हणजे ७ रॉडचे आणि ४ कुठल्यातरी दुसऱ्या गोष्टीचे, दोन्ही बाजूंना सारखे.

कामटी
आधी ७ मिमीचं बघू. तुमच्या ४३० मिमी लांबीला पर्याय आणि ते किती भाराला झुकतात:

३.२ मिमी पियानो वायर: साधारण ५.६ किलो. पण वजन २७ ग्रॅम, स्पोकच्या अडीचपट, आणि ते शेपटीकडे. नको.

५ मिमी बाहेर, ३ मिमी आत अशी कार्बनची नळी: १४ किलोच्या आसपास. वजन ९ ग्रॅमच्या आत, म्हणजे स्पोकपेक्षाही हलकी.

१० मिमी चौरस, कडक बालशाची काडी, दोन्ही टोकांना तारेचे हूक दोऱ्याने बांधून: तिचाही आकडा कार्बनच्या तोडीचा, आणि ७ ग्रॅम. जुन्या नकाशांत हेच दिसतं, ते उगाच नाही. दिसायला ओबडधोबड आणि हवेला अडणारी, एवढाच दोष.

६ मिमी चौरस बांबूची कामटी: ८ किलोच्या पुढे, ११ ग्रॅम. आकाशकंदिलाची कामटी घेऊ नका, ती कोवळी आणि चिरलेली असते. पक्क्या बांबूची, गाठ मध्यावर येणार नाही अशी निवडा, आणि सालीची बाजू तासू नका, ताठपणा तिथेच असतो.

तारेवरची_कसरत
एवढा उपद्व्याप कशाला? फ्यूजलाजवर मध्यावर एक गाइड लावा. लांबी निम्मी, चौपट ताकद, ८६० चे ३४०० ग्रॅम. दहा मिनिटांचं काम.

कामटी
गणित बरोबर आहे, आणि मैदानावर तात्पुरतं तेच करावं. पण या मॉडेलमध्ये रॉड तिरका आहे आणि दोन्ही टोकं हॉर्नबरोबर कंसात फिरतात. मधला बिंदूही थोडा वर-खाली होतो. गाइडचं भोक नेमकं बसवलं तर पूर्ण थ्रोला (एलिव्हेटर शेवटपर्यंत वळल्यावर) रॉड घासतो, कंट्रोल जड होतात. मोकळं ठेवलं तर तेवढा बाक येतोच. उभट खाच करा: रुंदीला तारेपेक्षा ०.३ मिमी जास्त, उंचीला ३-४ मिमी. बाक बाजूला येतो तो अडतो, वरखाली हालचाल मोकळी राहते. १.५ मिमी प्लायमध्ये खाच कोरून आत नायलॉनचा तुकडा चिकटवला की आवाजही नाही.

तरी माझं मत नळीचंच. गाइड म्हणजे कायमचं घर्षण आणि तेलकट धुळीचं घर.

वाइस_पकड
नळीला अनुमोदन, एका अटीवर. कार्बनचा रॉड मधे मोडत नाही, टोकाची तार सुटून येते. ३ मिमीच्या पोकळीत २ मिमीची तार नुसत्या आरल्डाईटने चिकटवलेली असते, गुळगुळीत तशीच. करायचं असं: तारेला २५ मिमी लांबीवर कानशीने खरखरीत करा, शेवटचे ३ मिमी किंचित चपटे ठोका. ३ मिमी बाहेरमापाची पितळी नळी मधल्या जागेत भरण म्हणून तारेवर झाळून घ्या. थिनरने पुसा. जुन्या मॉडेलवर काम असेल तर दोनदा पुसा, एरंडेलाचा थर डोळ्यांना दिसत नाही पण गोंद धरू देत नाही. मग सावकाश सुकणारं आरल्डाईट लावा, पाच मिनिटांवालं नको. नळीच्या तोंडाला बाहेरून १५ मिमी दोरा घट्ट गुंडाळून त्यावर पातळ गोंद. हा दोरा नळी उभी चिरू देत नाही.

झाल्यावर एक टोक वाइसमध्ये धरून १० किलो ओढा. प्रवासात बॅग तोलायचा हुकाचा काटा यासाठी उत्तम.

हायलम
आता उरलेले ४ मिमी. दोन्ही बाजूंना सारखे आहेत म्हणजे बाक नाही. ढिलाई किंवा पीळ. हॉर्नच्या भोकापासून सुरुवात करा. २ मिमीच्या तारेला २.२ मिमीचं भोक असेल तर १८ मिमीच्या हॉर्नवर पाऊण अंशाच्या आतबाहेर ढिलाई. असे सांधे चार आहेत: बेलक्रँक, फ्लॅप हॉर्नवर दोन, एलिव्हेटर हॉर्न. सगळे मिळून अडीच अंश सहज, म्हणजे मागच्या कडेला २ मिमी. नायलॉनचं हॉर्न असेल तर भोक लांबट होतं. भोक मोठं करून पितळी नळीचा तुकडा बसवा.

उरलेले २ मिमी बहुधा हॉर्नच्या तारेत. फ्लॅप हॉर्नची तार २.४ ची आहे की ३.२ ची? पिळाला ३.२ ची तार तिप्पट ताठ.

गिरकी
२.४ ची. आणि नीट बघितल्यावर दिसलं: एका फ्लॅपमध्ये तारेचा पाय घातला आहे तिथलं बालशाचं भोक मोठं झालंय. फ्लॅप हाताने धरून हॉर्न हलवलं की पाय आत डुगडुगतो.

हायलम
मग तार बदलण्याआधी तो पाय पक्का करा. २५ मिमी लांब पाय, त्याच्या जागी बालसा काढून लिंडन किंवा पक्क्या लाकडाचा ठोकळा बसवा, त्यात पाय आरल्डाईटने. वरून-खालून पातळ फायबरग्लास कापडाची पट्टी. बालशात नुसता गोंद जास्त ओतून उपयोग नाही, गोंदाचा गोळा होतो आणि तो गोळाच लाकडात हलतो.

फ्लॅप हॉर्न नवीन करणार असाल तर ३.२ ची तार, आणि उभा पत्रा तारेला चांदीच्या डागाने जोडा. मऊ शिशाचा डाग इथे थकून सुटतो. चांदीच्या डागाला तार लालबुंद होते आणि त्या जागेची कडकी जाते. म्हणून वळणं डागापासून निदान १० मिमी लांब ठेवा. मऊ पडलेल्या जागी वळण आलं की तिथेच वाकतं.

नाशिककर_अक्षय
मध्येच विचारतो. स्पोकच्या टोकाला आधीच आटे असतात ना, त्यावर एम-२ चा क्लेव्हिस (हॉर्नला अडकणारी दोन टांगांची कडी) थेट फिरवला तर? फिरतो, बघितलं.

वाइस_पकड
फिरतो, आणि तोच धोका. स्पोकचे आटे इंचाला ५६, एम-२ चे ०.४ मिमीचे म्हणजे इंचाला ६३.५. सुरुवातीचे दोन-तीन आटे बसतात, पुढे क्लेव्हिस जबरदस्तीने चढतो आणि आतले आटे सोलतो. नायलॉनच्या क्लेव्हिसला तर कळतही नाही. हाताने ओढून घट्ट वाटतो आणि हवेत सुटतो. पुशरॉड सुटला की यू-कंट्रोलमध्ये काहीच उरत नाही, मॉडेल जाईल तिकडे जाईल. स्पोकचे आटे कापून टाका. एक टोक झेड वळणाचं, दुसरं वॉशर झाळून. क्लेव्हिस हवाच असेल तर एम-२ चे आटे पाडलेला तयार रॉड घ्या आणि क्लेव्हिसवर फ्यूएल ट्यूबचा रिंगसारखा तुकडा सरकवा, म्हणजे त्याच्या टांगा उघडणार नाहीत.

झाळताना अॅसिड फ्लक्स वापरला तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. नाहीतर महिन्याभरात डागाशेजारी गंज.

बोल्टू
सगळे मागच्या बाजूला गेलेत म्हणून पिव्हटबद्दल लिहितो. १२ किलोला काही सरकलं नाही असं म्हणताय, पण ओढ काढल्यावर बोल्ट सरळ आहे का ते गुण्यात बघितलं का? प्रोफाइल मॉडेलमध्ये बेलक्रँक बहुतेक वेळा एकाच प्लायवर, ३ मिमी बोल्टवर अधांतरी असतो. बेलक्रँक प्लायपासून ६ मिमी वर असेल तर १२ किलोच्या ओढीला आट्यांच्या तळाशी दर चौरस मिलिमीटरला ५२० न्यूटनच्या पुढे ताण जातो. हार्डवेअरच्या दुकानातला साधा ४.८ ग्रेडचा बोल्ट ३२० लाच कायमचा वाकतो. तुटत नाही, म्हणून चाचणी पास. पण बेलक्रँक तिरका होतो, लीडआउट बुशला घासतात, आणि न्यूट्रलच्या आसपास कंट्रोल चिकटल्यासारखे होतात.

उपाय: ८.८ ग्रेडचा अॅलन बोल्ट, बिनआट्याचा भाग बेलक्रँकमध्ये येईल असा, आणि बेलक्रँक प्लायच्या शक्य तेवढा जवळ, मध्ये फक्त वॉशर. त्याहून चांगलं म्हणजे पिव्हटला वर आणि खाली दोन्हीकडे प्लायचा आधार. मग ३.२ मिमी पियानो वायरचा पिव्हट आरामात पुरतो.

गिरकी
बोल्ट काढला. काचेवर लोळवला तर किंचित डगमगतो. वाकलाय.

बोल्टू
बदला. आणि बेलक्रँक काढलाच आहे तर लीडआउटही बघून घ्या. ०.७ मिमीची पिळलेली केबल असेल तर कापसाचा बोळा तिच्यावरून दोन्ही दिशांना फिरवा. धागा अडकला तिथे एक तार तुटलेली आहे, पूर्ण लीडआउट बदलायचा. तुटतात दोन जागी: बेलक्रँकच्या भोकाशी आणि पंखाच्या टोकाच्या बुशशी. भोकात पितळी बुश हवा. वळसा घेऊन तांब्याच्या तारेने बांधलेल्या गाठीवर झाळू नका. शिसं केबलच्या पिळात आतवर चढतं, केबल तिथे काडीसारखी ताठ होते आणि शिसं संपतं त्या रेषेवर रोज वाकून तुटते.

नाशिककर_अक्षय
एनसीसी एअर विंगच्या पोरांची २.५ सीसी ट्रेनर असतात, त्यांत सर्रास स्पोकच असतो, मध्ये काही नाही. ती कशी चालतात मग?

हायलम
तिथे तो पुरतो. फ्लॅप नाही, एलिव्हेटर लहान, समजा ३५० बाय ३५ मिमी, वेग २० च्या आसपास. रॉडमध्ये भार पाव किलोच्या थोडा वर येतो. ३५० मिमी लांब २ मिमी स्पोक १.३ किलोला झुकतो. पाचपट हातात आहे. ट्रेनरवरची सवय तशीच्या तशी मोठ्या स्टंट मॉडेलवर नेली जाते, तिथे ही पाचपट संपते. ट्रेनरमध्ये रॉडपेक्षा एलिव्हेटर हॉर्नचे दोन स्क्रू बघा. मऊ बालशाला मागून १ मिमी प्लायची पट्टी नसेल तर हॉर्न लाकडात रुततं.

तारेवरची_कसरत
वाऱ्यात डोक्यावरच्या आठात (आठच्या आकड्यासारख्या कसरतीत) इनसाइड ढिला पडतो, तोही रॉडमुळेच का?

हायलम
तो वेगळा आजार. एलिव्हेटर हलवायची सगळी ताकद दोऱ्यांच्या ओढीतूनच येते. हँडल झुकवलं म्हणजे ओढ एका दोरीकडून दुसरीकडे सरकते. एक दोरी पूर्ण सैल पडली की त्यापुढे हँडल कितीही वाकवा, एलिव्हेटरला जास्त जोर मिळत नाही. अमेरिकेत बिल नेट्झबँड यांनी हे गणित मांडलं, तिकडे या मर्यादेला त्यांच्याच नावाची भिंत म्हणतात.

गिरकींच्या मॉडेलला सपाट उड्डाणात ओढ ३.३ किलो. फ्लॅप-एलिव्हेटर पूर्ण हलवायला दोन दोऱ्यांत साधारण १ किलोचा फरक लागतो, म्हणजे भरपूर शिल्लक. डोक्यावर मॉडेलचं वजन वजा होतं, २.१ उरते. वाऱ्यात वेग १८ वर आला की १ किलोच्याही खाली. लागणारा फरकही तेव्हा ६५० ग्रॅमपर्यंत उतरतो, पण अंतर फार राहत नाही, आणि एक झुळूक आली की संपलं. इथे रॉड जाड करून काही होत नाही. पुशरॉडचं भोक तेच ठेवून १०२ मिमीचा बेलक्रँक घातला तर फरक पाऊणपट लागतो. थ्रो मात्र हँडलवर दोऱ्यांमधलं अंतर वाढवून परत मिळवावा लागेल.

गिरकी
५/३ कार्बन नळी बसवली, टोकं वर लिहिल्याप्रमाणे, १० किलोला ओढून पाहिली. फ्लॅपमधला पाय ठोकळ्यात घेतला, ८.८ चा बोल्ट घातला, एलिव्हेटर हॉर्नला पितळी बुश. बाटली लटकवून: वर ३ मिमी, खाली २. १२ किलोची ओढ परत दिली, बोल्ट काचेवर सरळ लोळतो.

पहिल्याच टाकीला इनसाइड इतका घट्ट झाला की न्यूट्रलजवळ मॉडेल नाचतंय. आधी ढिलाई भरून काढायला हँडलवर दोऱ्यांमधलं अंतर वाढवून ठेवलं होतं, ते ११० मिमी आहे.

वाइस_पकड
९० वर आणा, मग ५-५ मिमीने वाढवत बघा. आणि सीजी मागे घेतला होता तो आधी पूर्वीच्या जागी न्या. दोन्ही एकदम बदलू नका.